सासऱ्यांच्या १३ गोळ्या आणि घरी येणारी नर्स

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासरे ८१ वर्षांचे, सासूबाई ७६ च्या, दोघंच इंदूरला लोकमान्य नगरात राहतात आणि तुम्ही पुण्यात. गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातला. घरी आल्यापासून दिवसाला १३ गोळ्या, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आणि काचबिंदूचे थेंब. दोनदा पहाटे शुगर ५५ पर्यंत उतरली, घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं. औषधं सासूबाई देतात आणि त्यांची स्वतःची थायरॉइडची, बीपीची, हाडांची औषधंही त्याच ड्रॉवरमध्ये असतात. नर्स लावावी का, आणि लावली तर तिच्याकडून नेमकं काय करून घ्यावं?

लावा. फक्त 'गोळ्या वेळेवर द्यायला' म्हणून लावणार असाल, तर पैसे वाया जातील. मी आधी वॉर्डात आणि आता बरीच वर्षं घरोघरी जाऊन हेच काम करते. घरात औषधांचा घोळ होतो तेव्हा विसरलेली गोळी हे त्याचं कारण फार थोड्या वेळा असतं. हृदयाचे डॉक्टर, शुगरचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, तिघांनी आपापल्या कागदावर बरोबरच लिहिलेलं असतं. चौथा कागद डिस्चार्जचा. हे चारही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचणारं घरात कुणी नसतं. नर्सला लावायचं ते त्या कामाला.

पण त्याआधी शुगरचं बघू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. शुगरच्या डॉक्टरांना आजच फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. ७० च्या खाली म्हणजे कमी, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. ८१ व्या वर्षी पहाटे ५५ होणं ही साधी गोष्ट नाही. या वयात थोडी जास्त शुगर चालवून घेतात, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ८ च्या आसपास असला तरी पुष्कळ डॉक्टर समाधानी असतात, कारण उतरलेल्या शुगरने माणूस पडतो, हाड मोडतं, हृदयावर ताण येतो. डोस मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण फोनवर तीन गोष्टी विचारा.

पहिली, इन्सुलिन सुरू केल्यावर ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी, जुनी गोळी बंद करायची होती का? ती बहुतेक वेळा मेटफॉर्मिनच्या जोडगोळीत असते, त्यामुळे नाव वाचून लक्षात येत नाही. दुसरी, हॉस्पिटलात वेळेवर भरलेलं ताट समोर यायचं. घरी रात्री अर्धी पोळी आणि वरणाचं पाणी जात असेल, तर संध्याकाळचा डोस तोच ठेवायचा का? तिसरी, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, कधी केली होती? किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं.

चौथी गोष्ट घरीच तपासा. इन्सुलिनच्या बाटलीवर ४० आययू लिहिलंय की १००? आणि सिरिंजचं टोपण लाल आहे की केशरी? आपल्याकडे बाटल्या बहुतेक ४० च्या मिळतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज. पेनची कार्ट्रिज १०० ची असते. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर अंगात ५० युनिट जातात. उलट ४० च्या बाटलीतून केशरी टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतलं तर जेमतेम ८ जातात, शुगर वाढलेली राहते आणि पुढच्या भेटीत डॉक्टर डोस वाढवतात. मग कुणीतरी बरोबर सिरिंज आणतं आणि शुगर कोसळते. केमिस्टकडे सिरिंज मागताना नुसतं 'इन्सुलिनची सिरिंज' म्हणू नका, बाटली दाखवून घ्या.

शुगर उतरली आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच परत. वर आली की पोळी किंवा दूध-बिस्किट. घाईत तोंडात पेढा नाहीतर चॉकलेट कोंबतात, ते नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. सासऱ्यांना हृदयासाठी मेटोप्रोलॉल चालू असेल, तर शुगर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर ते औषध झाकून टाकतं. घाम मात्र येतोच. म्हणून पहाटे अंगरखा ओला लागला की सासूबाईंनी 'उकडत असेल' असं न म्हणता शुगर तपासायचं मशीन काढायचं.

आता नर्सचं. इंदूरमध्ये ब्यूरोकडून जी मुलगी पांढऱ्या कोटात येते ती नर्सच असेल असं धरून चालू नका. बरेचदा ती अटेंडंट असते. मायेने करते, अंघोळ घालते, भरवते, पण तिचं औषधांचं शिक्षण झालेलं नसतं. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालंय का ते विचारा आणि मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलची नोंदणी बघायला मागा. चांगल्या नर्सला या प्रश्नाचा राग येत नाही. दिवसभराची नर्स परवडत नसेल तर काही बिघडत नाही. माझ्या मते तुमच्या घरी पहिले १५ दिवस नोंदणीकृत नर्सने सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनच्या वेळी यावं, सासूबाईंना शिकवावं, आणि घडी बसली की आठवड्यातून एकदा पुरेल. रोजची डबीतली गोळी हातात द्यायला अटेंडंट किंवा घरचं माणूस चालतं. इन्सुलिन काढणं, टोचणं आणि डबी भरणं मात्र शिकलेल्या हातानेच व्हावं.

नर्सने पहिल्या दिवशी काय करावं ते जरा खोलात सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. घरातलं झाडून सगळं औषध पलंगावर ओतायचं. ड्रॉवर, फ्रिजचं दार, देवघराशेजारची डबी, सासऱ्यांच्या पाकिटातली पुडी, गावाला जाताना नेलेल्या पिशवीचा कप्पा, सगळं. थेंब, मलम, इनहेलर, गुडघ्याला लावायचं तेल, वैद्यांचं चूर्ण, मुलाने पाठवलेल्या व्हिटॅमिनच्या बाटल्याही. मग गोळ्यांचा एकेक पत्ता (स्ट्रिप) उलटा करून मागचं मूळ औषधाचं नाव वाचायचं, पुढचं ठळक छापलेलं ब्रँडचं नाव नाही.

अशाच एका घरातलं सांगते. आजोबा हॉस्पिटलातून घरी आले आणि सकाळी उठताना त्यांना भोवळ यायला लागली. घरचे म्हणाले अशक्तपणा आहे. पलंगावर औषधं मांडली तर टेल्मिसार्टन ४० हे बीपीचं औषध दोनदा निघालं. एक जुन्या ब्रँडचं, वर्षानुवर्षं चालू असलेलं; दुसरं डिस्चार्जच्या कागदावरचं, नव्या ब्रँडचं, अॅम्लोडिपिनसोबत जोडलेलं. गोळ्यांचा रंग वेगळा, पत्ता वेगळा, म्हणून आजी दोन्ही मनोभावे देत होत्या. आडवं असताना बीपी १३४ होतं, उभं करून दोन मिनिटांनी घेतलं तर १०२. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं असतं. त्यांनी एक गोळी थांबवली आणि भोवळ गेली. तुमच्या सासऱ्यांचंही बीपी आडवं आणि उभं असं दोन्ही घ्यायला सांगा. बसल्या जागी दंडाला पट्टा गुंडाळून एकच आकडा लिहिणारी नर्स अर्धंच काम करते.

पलंगावरच्या त्या ढिगातून यादी करायची. एकच यादी, मोठ्या अक्षरात. औषधाचं मूळ नाव, कंसात ब्रँड, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कुणी लिहिलं, केव्हापासून, आणि कधीपर्यंत. 'कशासाठी' आणि 'कधीपर्यंत' हे दोन रकाने कुणी भरत नाही, आणि पुढच्या निम्म्या चुका तिथूनच जन्मतात. डॉक्टर १-०-१ लिहितात तेव्हा सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे घरात सगळ्यांना कळायला हवं. एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. एसओएस लिहिलेली दुखण्याची गोळी घराघरात रोज तीनदा जाताना मी बघते. आणि यादी सासूबाईंसाठी मराठीत केलीत तरी वेळांचे शब्द नर्सला कळतील असे हिंदीतही लिहा, कारण येणारी सिस्टर केरळची असू शकते, झाबुआची असू शकते. यादीचा फोटो तुमच्या दोघांच्या मोबाइलमध्ये, एक प्रत फ्रिजवर, एक सासऱ्यांच्या पाकिटात. औषध बदललं की जुनी यादी फाडायची आणि वर तारीख घालून नवी लिहायची. खाडाखोड करून चालवायची नाही.

यादीत बदल कोण करेल हे एकदा ठरवून टाका. डॉक्टर सांगतील, नर्स लिहील, आणि घरच्या एकाच माणसाला ते ठाऊक असेल. तो माणूस तुम्ही व्हा, लांब असलात तरी. डॉक्टरांच्या फोननंतर सासूबाईंना एक, नर्सला दुसरं आणि केमिस्टला तिसरं सांगितलं जातं, ते यानेच थांबतं.

बंद झालेलं औषध घराबाहेर गेलंच पाहिजे. इथे मी फार हट्टी आहे. दवा बाजारात सूट मिळते म्हणून तीन-तीन महिन्यांचा साठा भरतात, मग डोस बदलतो, आणि 'एवढे पैसे घातलेत तर संपवून टाकू' असं होतं. पहिले सहा महिने एका महिन्यापेक्षा जास्त औषध घेऊ नका. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त एकदा तिथून आणि एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून असं करू नका, कारण दरवेळी गोळीचा रंग-आकार बदलतो आणि म्हातारी माणसं गोळी रंगावरून ओळखतात. पत्ता कापून घेतला तर एक्सपायरीची तारीख असलेलं टोक आपल्याकडे राहील असं बघा. बाद औषधं आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून कचरागाडीवरच्या घरगुती घातक कचऱ्यात द्या. इंदूरच्या गाडीला तेवढी सोय आहे, ती वापरा. सफाई करणाऱ्याच्या हाताला सुई लागू देऊ नका.

सात दिवसांची, दिवसाला चार कप्पे असलेली डबी घ्या. नर्स भरेल, आणि सासूबाई यादी हातात घेऊन मोजतील. दोन डोळ्यांच्या जोड्या हव्यात. जिभेखाली ठेवायची छातीतल्या दुखण्याची गोळी डबीत नको, ती मूळ पाकिटातच उशाशी. वहीत खूण गोळी गिळल्यावरच करायची, वाटीत काढल्यावर नाही. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊन भरपाई करायची नाही. सासूबाईंची डबी वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या खोलीत. एका ड्रॉवरमध्ये दोघांची औषधं ही मला तुमच्या प्रश्नातली शुगरखालोखाल काळजीची गोष्ट वाटली.

सासूबाईंच्या बाबतीत दोन सूचना. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा-पोहे त्यानंतर निदान अर्ध्या तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. हाडांची आठवड्याला एक अशी गोळी असेल तर ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. आठवड्याच्या गोळीचा वार यादीत लाल शाईने लिहा. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट घरात असेल तर जास्तच जपा. आठवड्याची ती गोळी चुकून रोज गेली तर जिवावर बेतते.

डोळ्यांच्या थेंबांना कुणी औषध धरत नाही. काचबिंदूचे थेंब टिमोलॉलचे असतील तर ते डोळ्यातून नाकावाटे रक्तात उतरतात आणि नाडी मंद करतात. वरून मेटोप्रोलॉलही नाडी मंदच करतं. हृदयाच्या डॉक्टरांना थेंब माहीत नसतात, डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळी माहीत नसते. नर्सने रोज नाडी मोजून लिहावी, ५५-६० च्या खाली राहायला लागली किंवा चक्कर आली तर दोघांनाही कळवावं. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा, आणि दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची.

स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, बहुधा अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी नाही. स्टेंट बुजू शकतो. त्यांच्यासोबतची पित्ताची गोळी पोटातला रक्तस्राव टाळायला असते, तीही आपल्या मनाने बंद करू नका. काळी शी झाली तर ताबडतोब कळवा. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दुकानातून आणू नका: एक तर रक्तस्राव वाढतो, आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीबरोबर किडनी बसू शकते. पॅरासिटामॉल किती चालेल ते विचारून घ्या.

वैद्यांच्या औषधांबद्दल मी नाक मुरडत नाही, पण तीही यादीत यायलाच हवीत. खोकल्यासाठी ज्येष्ठमध रोज चघळलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. उलट 'बीपीवाल्यांसाठी' म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनवर असलेल्या म्हाताऱ्या माणसात ते धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं. त्यापेक्षा साधंच मीठ कमी घाला आणि पोह्यांवरची शेव कमी करा, इंदूरकरांना ती जड जाईल हे मान्य करून सांगते.

गोळ्या कुटून देत असाल तर थांबा. पाकिटावर एसआर, ईआर, एक्सएल, सीआर असं काही लिहिलेलं असेल तर ती गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते. कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, बरेचदा दुसरा प्रकार मिळतो.

एकादशी आणि चतुर्थीचं आधीच बोलून ठेवा. सासरे उपास सोडणार नाहीत हे मी समजू शकते. इन्सुलिन नेहमीइतकं आणि पोटात दुपारी दोन केळी, हे मात्र चालणार नाही. उपासाच्या दिवशी काय कमी करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. तसंच उलट्या-जुलाबाच्या दिवसाचं, आणि मे महिन्यात ऊन ४० च्या वर गेल्यावर पाणी कमी पडतं त्या दिवसांचं. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन (दोन्ही शुगरच्या), टेल्मिसार्टन, लघवीची गोळी यांपैकी काय तात्पुरतं थांबवायचं हे आधीच कागदावर असेल तर रात्री अकराला धावपळ होत नाही. त्या उन्हात इन्सुलिनही जपा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. गोठलेली बाटली फेकून द्यायची. उघडलेली बहुतेक इन्सुलिनं २८ दिवस चालतात, उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. दुधाळ इन्सुलिन तळहातांत हळू फिरवून एकसारखं करायचं, जोरात हलवायचं नाही, आणि टोचायची जागा रोज बदलायची, कारण एकाच जागी गाठ झाली की तिथून औषध कधी कमी तर कधी जास्त शोषलं जातं.

तुम्ही पुण्याहून काय करू शकता तेही सांगते. रोज रात्री 'बाबांनी गोळ्या घेतल्या का?' असं विचारू नका, उत्तर नेहमी 'हो' असंच येणार. व्हिडिओवर डबी दाखवायला सांगा आणि वहीचं आजचं पान. आठवड्यातून एकदा नर्सशी थेट बोला, सासूबाईंच्या समोर, म्हणजे त्यांना आपल्यावर पाळत ठेवल्यासारखं वाटणार नाही. इतकी वर्षं त्यांनीच सांभाळलंय. नर्सला विचारा की या आठवड्यात त्यांच्यात काय वेगळं दिसलं: जेवण, झोप, तोल, पायांवरची सूज, बोलण्यातला गोंधळ. नवीन गोळी सुरू झाल्यावर माणूस बदलला तर वयाला दोष देण्याआधी गोळीकडे बघायचं, विशेषतः झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांकडे.

नर्स रजेवर जाईल तेव्हा तिच्या जागी येणारीला वही वाचून दाखवल्याशिवाय औषधांना हात लावू देऊ नका. आणि येत्या भेटीला सगळ्या औषधांची पिशवी, यादी, शुगर-बीपी-नाडीची वही आणि क्रिएटिनिन-पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट घेऊन जा. एकाच फिजिशियनला सगळं दाखवून प्रत्येक औषधापुढे बोट ठेवून विचारा, हे अजून हवं आहे का. १३ पैकी दोन-तीन गोळ्या तिथेच कमी झाल्या तर नवल वाटायला नको. आजचं काम मात्र शुगरच्या फोनचं आहे, आणि तो फोन होईपर्यंत आज रात्री झोपताना आणि पहाटे तीनला शुगर तपासायला सासूबाईंना सांगा.